फांदी बसेपर्यंत

कस्टर, साउथ डाकोटा
६ मार्च १९८४

ती. सिग्नेताईस,
धाकट्या हाल्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बोन्सायसाठी पाठवलेली तांब्याची तार पोचली. फडताळात ठेवली आहे आणि तिथेच राहील. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात माझा जन्म गेला. पाइनच्या ओंडक्याने गिळलेली कुंपणाची तार पात्याखाली आली, पातं फुटलं आणि गिरणीतल्या नेल्सचा डोळा गेला, हे तू विसरली असशील, मी नाही. माझ्या हाताने पाइनला तार लागणार नाही. खालची फांदी वाकवायचीच आहे ना? मग सुतळीने तिला एक दगड लटकवला आहे.

कुंडी मागच्या ओट्यावर बर्फातच आहे. शेजारची मिसेस लुंडीन येता-जाता म्हणते, अहो, त्या बिचाऱ्याला घरात घ्या, गारठून मरेल. तू म्हणतेस, घरात घेतलंस तर मरेल. मी कोणाचं ऐकू? सकाळी कॉफीच्या आधी जाऊन बघतो. काल पानांतली एक सुई पिवळी दिसली. मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

जाताना म्हणाली होतीस, खुब्याचं ऑपरेशन उरकते आणि वाकवलेली फांदी जागेवर बसली की घरी येते. त्याला किती आठवडे लागतात, ते नीट लिही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, एवढंच मागणं.
हाल्वर

टूसॉन, अॅरिझोना
१७ मार्च १९८४

चि. हाल्वर यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून गुड्रन पोट धरून हसली. म्हणाली, आई, मामाला तू झाड दिलंस की शिक्षा? मी कपाळाला हात लावला. अरे, झाडाला वळण लावतोयस की धुणं वाळत घालतोयस? वारा सुटला की दगड झुलेल आणि फांदी बुंध्यापासून फाटेल. सुतळी खाली ओढून कुंडीच्या काठाला बांध. तारेचं भांडण समोरासमोर करू.

बर्फ गेला की पाण्याची झारी हातात घेऊन उभा राहशील, मला ठाऊक आहे. आधी मातीत बोट घाल. आत कोरडं लागलं तरच पाणी. लाड केलेस तर सुया घोड्याच्या शेपटीसारख्या वाढतील, आणि वीतभर झाडाला ते शोभत नाही. एक सुई पिवळी पडली म्हणून पत्रात लिहितात का? तुझे केस गेले तेव्हा मी कोणाला कळवलं होतं?

डॉक्टर खूश आहेत. गुड्रनच्या घरात जिना नाही, त्यामुळे सगळं सोपं आहे. कोवळे कोंब वर आले की रॅपिड सिटीच्या बोन्साय क्लबातल्या कोल्बीला दाखव. स्वतःच्या मनाने काही खुडू नकोस. फांदी बसली की येतेच.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेत, ते पुरवून वापर.
ताई

कस्टर
२० मे १९८४

ती. सिग्नेताईस,
शि. सा. न., रागातच.

कोंब आले. कुंडी मांडीवर घेऊन कोल्बीकडे गेलो. मिसेस लुंडीनने गाडी चालवली आणि वाटभर मला हसली. कोल्बीने झाड फिरवून फिरवून पाहिलं, सुतळी पाहून मिशीत हसला, पण झाड ठणठणीत आहे म्हणाला. मी विचारलं, फांदी कधी बसेल? तो म्हणाला, पाँडेरोसा जातीचा पाइन आहे हा, सोडलात की परत उठणार. तीन वर्षं धरा.

तीन वर्षं! आणि मी इकडे आठवडे मोजतोय! ही गोष्ट तुला ठाऊक नव्हती, असं सांगू नकोस. घरी येऊन सुतळी सोडली, तर फांदी टुणकन उभी. अगदी तुझ्यावर गेली आहे.

शिवाय तुझा पलंग खाली आणताना जिन्यात अडकला. कठडा काढावा लागला, भिंतीचा रंग गेला, माझी पाठ गेली. तो आता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आहे. वर छप्पर गळतं, म्हणून आणला. दुसरं काही कारण नाही.

यायचं नसेल तर तसं सरळ लिही, मी काही रडणार नाही. पण हे ऐकून ठेव. कुंडीशेजारी करवत ठेवली आहे. पंधरा जूनपर्यंत तू आली नाहीस, तर ती फांदीच कापून टाकतो. फांदीच राहिली नाही, तर बसायची भानगडही नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.
हाल्वर

टूसॉन
२९ मे १९८४

चि. हाल्वर यास अ. उ. आ.

करवत खाली ठेव.

छपराला गेल्या सप्टेंबरात तू डांबर लावलंस, तेव्हा शिडी मीच धरली होती. ते गळत नाही. माझ्या पायांचं तुला कोणी सांगितलं, गुड्रनने? मी वॉकर धरून चालते. जिना मला आता चढता येणार नाही. डॉक्टर खूश आहेत ते एवढ्यावरच. तू आधीच एका सुईची काळजी करत बसतोस, त्यात माझी भर नको, म्हणून फांदीचं निमित्त केलं.

गुड्रनला शनिवारपासून आठवडाभर सुट्टी आहे. ती गाडीने सोडते. फांदी पुन्हा खाली ओढून बांध. कठडा बसवू नकोस, माझं कपाटही खाली आणायचं आहे.

तार मी स्वतः गुंडाळीन आणि लाकडात रुतायच्या आधी सोडवीनही. झाडाने गिळेपर्यंत ती ठेवायची नसते, बाबा. मी गुंडाळते तोवर तू भिंतीकडे तोंड करून बस. तीन वर्षं आहेत. सवय होईल.

बाकीचे आशीर्वाद घरी आल्यावर.
ताई