सत्तावीस नंबरमधला ब्रेमेकर

७ ऑक्टोबर, सोमवार
मी आयुष्यात क्रेडिट कार्ड घेतलेलं नाही. व्हुपर्टाल स्टेशनाबाहेर किल्ल्या बनवायच्या एका मशीनवर धंदा सुरू केला, आज स्वतःचं दुकान आहे, सगळं रोखीत. आणि आज वसुलीवाल्यांचं पत्र! मायना अदबीचा, हेर ओटमार ब्रेमेकर; मजकूर असा, तुमच्या तीन कार्डांचे पैसे थकले आहेत, तुमचं नाव थकबाकीदारांत गेलं आहे. नाव माझं. जन्मतारीख माझी. कार्डं मात्र गेली नदीपलीकडच्या गल्लीत, नंबर सत्तावीस. तिथं मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही.

वेळ तरी कोणती साधावी! तळमजल्याचा फ्लॅट ठरत आलाय. माझ्या बायकोचा, रोसवीटाचा, खुबा पार गेलाय आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या, लिफ्ट नाही. फ्लॅटचा मालक पानहाउझेन म्हणतो, पंचवीस तारखेपर्यंत पत स्वच्छ असल्याचा दाखला आणा आणि किल्ली घ्या; नाही आणलात तर माझ्याकडे रांग आहे.

निश्चय: बुधवारपर्यंत प्रकरण मिटवणे.

८ ऑक्टोबर
पोलीस ठाणे. फ्राऊ ल्युडेनबाख नावाच्या बाई, समंजस. तक्रार घेतली, माझी सही घेतली. म्हणाल्या, हल्ली हे फार होतं. रिकाम्या फ्लॅटच्या पत्रपेटीवर कुणाच्याही नावाची चिठ्ठी चिकटवतात, पोस्टमन नाव बघून टाकतो. तक्रारीची नक्कल कार्डवाल्यांना पाठवा आणि थांबा, दोन आठवड्यांत नोंदी गोठवतील. दाखला वेळेत मिळेल. आणि कृपा करून त्या पत्त्यावर जाऊ नका.

हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मला कान आहेत. सरकारी माणूस एखादी गोष्ट दोनदा सांगतो, तेव्हा त्याला आतून वेगळंच म्हणायचं असतं.

९ ऑक्टोबर, सकाळी १०
सत्तावीस नंबर. सहा पत्रपेट्या, एकीवर ब्रेमेकर. छापील चिठ्ठी, सरळ रेषेत. माझ्या घरच्या पेटीवर हातानं लिहिलेली आहे, तीही वाकडी. जरा वाईट वाटलं.

कुलूप अगदी फालतू. अकरा सेकंदांत उघडलं. फक्त आत बघायचं ठरवलं होतं, पण आत बँकेचं पाकीट होतं. पुरावा असा उघड्यावर ठेवत नाहीत. घेतलं.

एवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं. फ्राऊ शिमानेक, वय सत्तरीपुढे. म्हणाल्या, अस्सं, म्हणजे तुम्हीच का ते ब्रेमेकर! दर्शन झालं म्हणायचं एकदाचं! जिना पुसायची पाळी तीन आठवडे तुमची आहे, आम्ही काय तुमच्या मोलकरणी?

गुप्त तपासात खरी ओळख फोडून चालत नाही. मी म्हटलं, हो, मीच ब्रेमेकर.

जिना पुसला. चारही मजले.

११ ऑक्टोबर
प्लॅन: रोज दहा ते बारा पेटीपाशी पहारा. चोर पत्रं घ्यायला आला की झडप.

चोर आला नाही. कुरियरवाला आला. ब्रेमेकर कोण? मी. ओळखपत्र? दाखवलं. इथं सही करा. केली. (माल चोराच्या हाती पडू न देणे हे माझं कर्तव्य आहे.) खोक्यात इटालियन कॉफी मशीन निघालं, भारीतलं. घरी सुरक्षित ठेवलं. रोसवीटानं विचारलं, पुराव्यात दूध फेसाळायची सोयही आहे का?

आहे.

तक्रारीची नक्कल पाठवायची राहिली. सोमवारी नक्की.

१४ ऑक्टोबर
नक्कल पाठवली. (रोसवीटानं पाठवली.)

आज फ्राऊ शिमानेकनी कॉफी आणि आलुबुखाराचा केक दिला. म्हणाल्या, तुमच्याबद्दल आमचा गैरसमज होता हो, तुम्ही तर या घरातले सगळ्यात सभ्य भाडेकरू निघालात. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात पिझ्झाची तेलकट खोकी टाकणारे तुम्ही नसणारच. मी म्हटलं, छे छे, मी तसा नाहीच. माझ्याच नावाची अब्रू मी परत मिळवतोय. यालाच मुळापासून काम करणं म्हणतात.

१६ ऑक्टोबर
चोर अजून नाही. घाबरलेला दिसतो. रोसवीटा म्हणते, अरे, पेटी तूच रोज रिकामी करतोस, तो बिचारा येईल कशाला? तिला तपासातलं कळत नाही.

रोसवीटा सकाळी एकटीच डॉक्टरकडे निघाली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुबा अडकला. ना वर, ना खाली. पंचवीस मिनिटं पायरीवर बसून होती. मला फोन केला, मी घेतला नाही. हात ओले होते.

मी त्या वेळी सत्तावीस नंबरचा जिना पुसत होतो.

संध्याकाळी तिनं नेहमीसारखं जेवण वाढलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

निश्चय: शुक्रवारी चोर पकडणे. काहीही होवो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
पेटी उघडून उभा होतो. एक गृहस्थ आत आले. निळा कोट, बूट चकचकीत. मला बघून थबकले. अगदी नम्रपणे विचारलं, माफ करा, हेर ब्रेमेकर आपणच का? मी छाती काढून म्हटलं, मीच! ते म्हणाले, खरंच? मग हसून म्हणाले, भेटून आनंद झाला, मी चुकीच्या घरात आलो वाटतं. आणि गेले. मी दार धरलं त्यांच्यासाठी.

तीस वर्षं कुलुपाच्या आतली पिन कुठं बसते ते मी कानानं ओळखतो. माणसाचंही तसंच. हा आवाज खोटा नव्हता. असे लोक हल्ली दुर्मीळ.

चोर मात्र आजही आला नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
फ्राऊ ल्युडेनबाखनी बोलावलं. मला वाटलं, अभिनंदनासाठी.

टेबलावर दोन कागद. कार्डवाल्यांनी सत्तावीस नंबरमध्ये चौकशी केली. फ्राऊ शिमानेकनी मनापासून सांगितलं आहे: ब्रेमेकर इथलेच, रोज स्वतः पत्रं घेतात, शांत माणूस, जिना इतका स्वच्छ कधी नव्हता. दुसरा कागद कुरियरचा. सही माझ्या तक्रारीवरच्या सहीशी तंतोतंत जुळते, खाली ओळखपत्राचा नंबर.

मी म्हटलं, पण मी नाटक करत होतो! त्यांनी विचारलं, कोण असल्याचं? मी म्हटलं, ब्रेमेकर असल्याचं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, आज नोंदी गोठवणार होते हो. आता चौकशी तुमचीच होईल, सहा महिने तरी. जाऊ नका म्हणून दोनदा सांगितलं होतं मी.

निळ्या कोटाबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, आणि तुम्ही त्याला दार धरलंत?

२४ ऑक्टोबर
पानहाउझेनला तीन फोन. पहिल्यात समजावलं, दुसऱ्यात वर्षाचं भाडं आगाऊ रोख देतो म्हटलं, तिसऱ्यात रडलो. तो म्हणाला, हेर ब्रेमेकर, तुमच्याबद्दल माझं मत वाईट नाही, पण कागद तो कागद. रोख पैसे घेऊन फिरणाऱ्या माणसाची तर मला जास्तच भीती वाटते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
फ्लॅट गेला. एका तरुण जोडप्याला. दोघंही मॅरेथॉन पळतात.

रोसवीटानं विचारलं, तळमजल्यावर बाग होती ना मागे? मी म्हटलं, छोटी. ती म्हणाली, छोटीच पुरली असती.

२९ ऑक्टोबर
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची ठेवली. तिला मध्येच बसायला. गादी शिवून घेतली, पाय भिंतीला स्क्रूनं घट्ट केले. रोसवीटानं बसून बघितलं. बरी आहे, म्हणाली.

दुपारी आमच्या इमारतीच्या मालकाच्या ऑफिसातून खुर्चीवर कागद चिकटवला गेला: जिन्यात सामान ठेवण्यास मनाई आहे. वस्तू कोणाची? नाव लिहा.

मी पेन काढलं. ओटमारमधला ओ लिहिला आणि हात थांबला. रोसवीटानं पेन घेतलं, ओ खोडला, आणि तिथंच उभ्यानं कठड्याला धरून स्वतःचं नाव लिहिलं. म्हणाली, राहू दे तुझं. माझं अजून कोणी वापरलेलं नाही.