बाबांचं मनगट

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. कारखान्यात नवीन लेथ मशीन आलंय, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

बाबांच्या मनगटाला प्लास्टर घालून आठ दिवस झाले. डाव्या हाताने जेवतात आणि पहिल्यासारखंच सगळ्यांवर ओरडतात. म्हणजे तब्येत उत्तम.

ते बाथरूममध्ये घसरले, असं मी तुला फोनवर सांगितलं. ताई, ते घसरले नव्हते.

चिमीच्या हातून त्यांचा चष्मा फुटला. त्यांनी काठी उगारली, आपल्यावर उगारायचे तशीच. लेकीला वाचवायला मी मधे पडलो, मनगट धरलं आणि पिळलं. बावीस वर्षं ज्युजुत्सूचे डावपेच शिकतोय, हाताला विचारावं लागत नाही. काठी खाली पडली.

इथवर वाचून तू म्हणशील, बरं केलंस.

पण काठी पडल्यावरही मी सोडलं नाही. आमच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, समोरच्याने हार मानून हाताने थाप मारली की त्याच क्षणी सोडायचं. बाबा दुसऱ्या हाताने टेबलावर थापा मारत होते. "अरे सोड! सोड रे!" मला ऐकू येत होतं. त्यांचा मार खाणारी आई डोळ्यांसमोर येत होती. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. मग हाड मोडल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" माझ्या आधी बाबाच म्हणाले, "घसरलो." आईचा दात पडला होता तेव्हा ती दवाखान्यात म्हणाली होती, अगदी तस्संच. मी मान डोलावली.

आमच्या सरांना मात्र सगळं सांगितलं. ते रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी माझा काळा पट्टा मागून घेतला, घडी घालून कपाटात ठेवला. "उद्यापासून नवख्यांच्या रांगेत. फक्त सोडायला शिकायचं." रोज जातोय. कॉलेजातली एक मुलगी माझं मनगट पिळते, मी थाप मारतो, ती सोडते. किती सोपं असतं गं ते!

काल फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला, तर चिमी भिंतीला चिकटली. बाबांना नाही, मला भ्याली.

मंगळवारी प्लास्टर दाखवायला जायचंय. या वेळी डॉक्टरांना मीच खरं सांगणार आहे. बाबा म्हणतात, "घरातलं घरात राहू दे." घरातलं घरात ठेवूनच आपण इथवर आलोय.

तू त्यांचं तोंड पाहणार नाहीस, ठाऊक आहे. तरी काही दिवस त्यांना तुझ्याकडे नेशील का? माझा मलाच भरवसा वाटत नाही. नाही म्हणालीस तरी तुझं चुकणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
अजून म्हणत असशील तर.