जेवायचं बोलावणं

जरीपटका, नागपूर

तीर्थस्वरूप मनोहरदादांना धाकट्या रुपरावचा साष्टांग नमस्कार. वहिनींची तब्येत बरी असेल, म्हैस दूध देत असेल आणि तुमच्या गुडघ्याला नेहमीप्रमाणे ‘काही झालेलंच’ नसेल, असं धरून चालतो. फोनवर तुम्हाला माझा आवाज कधीच ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या गावकरी भवनाचं उद्घाटन एकदाचं पार पडलं. डोक्यावरचं ओझं उतरलं, पण त्याआधी माझी काय गत झाली ते ऐका. गाव सोडून नागपुरात बिछायतीचा धंदा टाकला, जन्मभर लोकांच्या लग्नांत मांडव घातले. वाटलं, मौद्याकडून आलेल्या आपल्या माणसांना या शहरात एक हक्काचं छत असावं. (जागेसाठी कोणाकोणाच्या पाया पडलो ते विचारू नका, त्यातले दोघे माझ्याहून लहान होते.) पत्रिका मोबाईलवर पाठवली, साऱ्यांनी हात जोडल्याचं चित्र परत पाठवलं. मी निश्चिंत! पूजा आटोपली, वडा-भात झाला, पाटोडीचा रस्सा उकळला, पंगतीच्या पट्ट्या अंथरल्या. जेवणाची वेळ उलटून गेली तरी माणूस एक नाही. म्हटलं, संपलं, हे भवन कोणालाच नको होतं. खरं सांगतो दादा, चुलीमागे जाऊन रडलो. (आचाऱ्याला म्हटलं, कांदा झोंबला. तो म्हणाला, कांदा तर सकाळीच चिरून झाला.)

तेवढ्यात दही आणायला गेलेली आमची सौ. वच्छला तणतणत परत आली. “अवो, सारे आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून घरात उपाशी बसून राहिले! जेवायचं बोलावणं गेलं काय?”

गेलंच नव्हतं! पानं मांडल्यावर कोणी दारात येऊन ‘चला’ म्हटल्याशिवाय आपल्या गावचा माणूस उठतो का? शहरात राहून मी विसरलो, पण ते विसरले नाहीत. धंद्याचा भोंगा ऑटोवर बांधला आणि गल्लीगल्लीत ओरडत सुटलो, “चला हो, जेवायले चला!” माणसं दाराची कडी धरूनच उभी असावीत. म्हातारी भीमाबाई चप्पल घालता घालता म्हणाली, “काहून गा रुपराव, आमाले उपाशी मारतं का?” पंगतींवर पंगती उठल्या, भात पुन्हा टाकावा लागला. मी भिंतीला टेकून नुसता बघत होतो. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचं कधी न ऐकणारा,
रुपराव

ता. क. : तळमजल्यावरची खोली अजून कोणाला दिलेली नाही. पलंग उंच आहे, कमोड आहे, दवाखाना जवळ आहे. ‘नागपुरात कोणाच्या घरी भार व्हायचं’ म्हणून तुम्ही ऑपरेशन टाळता. समाजासाठी वगैरे मी लोकांना सांगतो. भवन तुमच्या गुडघ्यासाठी बांधलं.

आणखी एक : पत्रानं तुम्ही यायचे नाही, हे ठाऊक आहे. रविवारी मी स्वतः दारात येऊन बोलावतो. मागच्या दारानं शेताकडे निघू नका. तिथे वहिनी बसणार आहेत. आमचं ठरलं आहे.