सूर्याचा आवाज आणि आईचा निरोप

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. भाचीला दात आले हे वाचून बरं वाटलं. इकडे ठीक. वेधशाळेतला पंखा अजून कुरकुरतो, आमचे साहेब त्याहून जास्त.

तू विचारलंस, सूर्याचं ऐकता म्हणजे नक्की काय रे? तिथं भडका उडाला की इलेक्ट्रॉनांचा झोत सुसाट बाहेर सुटतो. वाटेतल्या तापलेल्या वायूत, प्लाझ्मात, तो लाटा उठवतो आणि त्या लाटांतून रेडिओलहरी निघतात. झोत विरळ वायूत जाईल तसा सूर खाली येतो. काही सेकंदांचा खेळ. अकरा वर्षं मी त्याच्या मागे आहे.

तू लिहिलंस, ‘आईजवळ तू होतास, म्हणून मला झोप लागते.’ ते वाचल्यापासून माझी उडालीय.

मी नव्हतो, ताई.

आई गेली त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास झोतांची रांगच लागली. यंत्राच्या खोलीत मोबाइल बंद ठेवावा लागतो. ऑफिसातला कारकून धावत आला. “घरून फोन आहे. आईंना दम लागलाय, तुम्हाला बोलावतायत.”

“पाच मिनिटांत निघतो म्हणावं.”

“अहो, शेजारच्या काकू रडतायत फोनवर.”

“पाच मिनिटं म्हटलं ना!” खेकसलोच त्याच्यावर.

दम काय, तिला नेहमीच लागतो, अशी स्वतःची समजूत घातली. उठलो तेव्हा पाऊण तास झाला होता. घर दहा मिनिटांवर. पोचलो तर काकूंनी तिचे डोळे मिटवले होते.

शेवटी तिनं तुझं नाव घेतलं, असं मी तुला सांगितलं. तेही खोटं. काकू म्हणाल्या, दाराकडे बघत ती “आला का?” एवढंच विचारत होती. चार वेळा.

आणि जिच्यासाठी थांबलो ती झोतांची नोंद? बारीक आवाज टिपायला यंत्राची संवेदनशीलता मी चढवून ठेवली होती, उतरवायची राहिली. एवढा मोठा आवाज त्याला झेपला नाही. पडद्यावर पाऊण तासाचा नुसता पांढरा पट्टा. साहेब म्हणाले, “काही कामाचं नाही, पुसून टाका.” पुसलं.

माफी कोणत्या तोंडानं मागू? पण आईच्या तोंडी घातलेलं खोटं तसंच राहू देववेना. तुझ्याजवळ तेवढंच होतं, तेही मी आज काढून घेतलं. उत्तर आलं नाही तरी तक्रार नाही.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझा धाकटा