हेल्मेटमधलं पुणतांबा

२ एप्रिल १९९७
दोन महिन्यांनी वृद्धाश्रमात गेलो. (माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या बॅचेस!) आईचं तेच, पाडव्याला पुणतांब्याला ने. घराची किल्ली अजून कनवटीला. घर कुलूपबंद आहे, काळजी नको, असं पुन्हा सांगितलं. दिवाळीतच ते गावातल्या सहादेवला विकलं, हे सांगून तिचं बीपी कशाला वाढवा? मुलानं एवढा विचार करायलाच हवा.

३ एप्रिल
आयडिया! क्लाससाठी मुंबईच्या प्रदर्शनातून व्हर्च्युअल रिअॅलिटीचं हेल्मेट आणलंय. डोक्यावर चढवलं की डोळ्यांपुढे फक्त पडदा. त्याला व्हीसीआर जोडायचा, गावाचं शूटिंग लावायचं. आईला जायची गरजच नाही. आधी आई, मग आश्रमातले सगळे म्हातारे. पेपरात बातमी नक्की. सफारी इस्त्रीला दिला.

८ एप्रिल, पाडवा
मुहूर्त म्हणून मुद्दाम आजच शूटिंग केलं. आधी गोदावरीचा घाट, मग घर. सहादेवला म्हैस मागे बांधायला लावली, दार लोटून घ्यायला लावलं. कोणी राहतं असं वाटणारच नाही. त्याच्या बायकोनं पुरणपोळीचा आग्रह केला. आमच्याच स्वयंपाकघरात जेवलो. पोळी चांगली होती.

१० एप्रिल
आश्रमाचे मॅनेजर काकासाहेब यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. हेल्मेट जड, आईची मान कलायला लागली, मी धरून उभा. घाट आला तसं लुगडं भिजेल म्हणून तिनं पाय वर घेतले. टाळ्या!
मग घर आलं. आई म्हणे, बंद घराला गुढी कुनी उभारली रं गोरख?
शेजाऱ्यांनी, प्रेमानं, म्हणालो. तर म्हणे, दुसऱ्याच्या दाराला कुनी गुढी लावीत न्हाई.
पाडव्याला दारात गुढी असणारच. त्यात मुद्दाम काय बघायचं असतं?

११ एप्रिल
चूक तारखेची, तंत्रज्ञानाची नाही. पुढचं शूटिंग साध्या दिवशी. रविवारी आईला भेटून समजावायचं. नक्की.

१३ एप्रिल, रविवार
जमलं नाही. बॅच.

२० एप्रिल
काकासाहेब क्लासवर आले. आईनं किल्ली पाठवलीय. म्हणे, ज्या बाईनं गुढी उभारली तिला दे. आन् गोरखला म्हनावं, मला गावाला न्यायला आता सुट्टी काढू नगं.
सहादेवनं कुलूप कधीच बदललंय. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.
बॅच सुटल्यावर हेल्मेट घालून कॅसेट पाहिली. गुढी पहिल्यापासून स्पष्ट दिसते.
आईला तर मोतीबिंदू आहे.