चार नंबरचा ग्लास

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आपण का नाय?

कंपनीत नोटीस लागली. बाटल्या तपासायला मशीन येणार, १ डिसेंबरपासून आमची पाच माणसं घरी. अठरा वर्षं मी बियरच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्या दिव्यासमोर बघतोय. तडा, काडी, माशी, काही सुटलं नाय. आता म्हणे कॅमेरा बघणार. बघू दे. कॅमेऱ्याला जीभ असती का?

कारण तिच्याखाली दुसरी नोटीस होती, ती कुणी धड वाचली नाय. लॅबमध्ये बियरची चव घेणाऱ्यांचं पॅनल होणार, त्यात आमच्यातले दोघं घेणार. परीक्षा १४ ला, शुक्रवारी. घेणार लॅबच्या मोनिका मॅडम. एक जागा आपली. दुसरीसाठी बाकीच्यांनी खुशाल भांडावं.

बायकोला सांगितलं, रूपाला. भाकरी थापत होती, हात थांबला. म्हणाली, दुसरं काहीतरी बघा ना. घरच्या माणसाला कदर नसतीच.

वांग्याच्या भाजीत मीठ नाय. बोललो तर मिठाची वाटी पुढं ठेवली. म्हणजे चूक कबूल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्लॅन तयार. रविवारी दुपारी गच्चीवर ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे डोळे बांधून चव ओळखायची. पाच बियर, पाची एकदम स्वस्तातल्या. महागाची कुणी पण ओळखतं. स्वस्तातली ओळखणं हेच खरं काम.

हजर : मी, रामप्रसाद (माझ्याच लाइनवर, शेजारच्या खुर्चीवर, त्याची पण नोकरी जाणार, त्याला जरा शिकायला मिळंल) आणि घरमालक आप्पासाहेब. आप्पासाहेब एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले. काही पण पितात. सामान्य जनतेचं मत म्हणून बोलावले.

जज अन्सार. आयटीआयपासूनचा दोस्त. शहागंजला फ्रिज रिपेअरिंगचं दुकान. जन्मात थेंब घेतलेला नाय, म्हणून त्याच्याइतका इमानदार जज अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाय. लेबलं तो काढणार, नंबर तो टाकणार, ग्लास तो भरणार. आधी तोबा तोबा म्हणाला. मग नोकरीचं सांगितलं तेव्हा हो म्हणाला. अट एकच, बियरच्या दुकानात पाय ठेवणार नाय. बाटल्या मीच गोणीत घालून आणून द्यायच्या.

संकल्प : परीक्षेपर्यंत तंबाखू बंद.

५ नोव्हेंबर, बुधवार

तंबाखू एकदाच. ती पण रामप्रसादनं दिली म्हणून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सराव. दोन कंपन्यांच्या दोन बियर. दोन्ही सारख्याच लागल्या, म्हणजे पाणी. आजकाल माल पार बिघडला. पॅनलवर गेलो की पहिला रिपोर्ट हाच.

अन्सारच्या घरून अमिनाभाभींनी नानखलिया पाठवला, नान आणि मटणाचा रस्सा. त्याची पण ती जुनी चव राहिली नाय. रूपा तर बोटं चाटून खात होती. उपाशी माणसाला काय, सगळं गोडच.

सकाळी दूध करपलं. मी चुलीशेजारीच पेपर वाचत बसलेलो. रूपा गच्चीवरून पळत आली, म्हणाली अख्ख्या गल्लीला वास गेला. मी वाचायला बसलो की असाच बुडून जातो. लहानपणापासून एकाग्रता लई.

८ नोव्हेंबर, शनिवार

अन्सारच्या दुकानात गोणी पोचवली. गिऱ्हाइकाचा एक फ्रिज रिपेअर होऊन चालू ठेवलेला होता, त्यात ठेवायचं ठरलं. मी सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेव, उद्यापर्यंत चांगल्या गार होतील. अन्सार म्हणाला, मुंजाबाभाई, नको, रात्रभर फ्रीजरमध्ये नाय ठेवत. म्हणलं तू फ्रिजचं बघ, बियरचं मला शिकवू नको. ठेवल्या मुकाट्यानं.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११

कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. गच्ची झाडली. पाच खुर्च्या, एक जास्तीची, शोभा म्हणून. डोळ्यांना बांधायला टॉवेल. गुण दहापैकी. मोबाइलवर व्हिडिओ होणार, तोच मॅडमना दाखवायचा.

रूपा पुन्हा म्हणाली, लोकांसमोर नका करू. शेंगदाणे भाजून देते, नुसतं बसा, गप्पा मारा. म्हणलं, बाई, नोकरीचा सवाल आहे. गप्पांनी नोकरी राहती व्हय?

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४

जबरदस्त. घाईत लिहितोय.

पहिल्या तीन ग्लासांना मी चार, तीन, चार दिले. पाणचट. चौथा ओठाला लावला आणि कळलं, ही वस्तू वेगळी आहे. फेस असा भरगच्च की नाकाला लागला. मी नऊ दिले. व्हिडिओत स्पष्ट बोललोय : सौम्य, खानदानी, घशाला कुठं टोचत नाय. एक गुण कापला तो नुसता शिस्त म्हणून.

रामप्रसादनं घोट घेतला आणि कठड्यावरून खाली थुंकला. मग आप्पासाहेब थुंकले. जो माणूस काही पण पितो, तो थुंकला! खालून रूपा ओरडली, वाळत घातलेल्या चादरीवर पडलं म्हणून.

दोघांनी शून्य दिला. एक माझ्यावर जळतो, दुसऱ्यानं जिंदगीभर एसटी स्टँडचा चहा प्यायला. ह्यांना काय समजणार?

पाचवा पुन्हा पाणचट, तीन. मग अन्सारनं चिठ्ठी वाचली. कुठल्या ग्लासात कुठली कंपनी. माझं एक पण नाव बरोबर नाय निघालं. रामप्रसादची तीन बरोबर. म्हणजे चिठ्ठीतच घोळ. चार नंबरवर अन्सार अडखळला, म्हणाला चिठ्ठी भिजली, नाव दिसत नाय. आणि जेवायला न थांबता निघून गेला. इतका दणकट गडी, पण चेहरा उतरलेला.

चार नंबर कुठली ते शोधायचंच. पेटी घेणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

कंपनी सुटताना अन्सार गेटवर उभा. डोळ्याला डोळा देईना. म्हणाला, माफ कर भाई, मैंने गडबड कर दी.

चार नंबरची बाटली फ्रीजरमध्ये गोठून फुटली. दुसरी आणायची तर दुकानात जायला पाहिजे, आणि रविवारी सकाळी त्या काउंटरवर मशिदीतलं कुणी बघितलं तर अम्मीपर्यंत बातमी पोचायला दहा मिनिटं नाय लागायची. पण पाचातली एक कमी झाली तर माझं काम बिघडंल, नोकरीचा सवाल. म्हणून बिचाऱ्यानं काळा चहा गार केला, गाळून बाटलीत भरला, आणि ग्लासात ओतल्यावर वरून ॲसिडिटीची पुडी टाकली. फेसासाठी. त्याला वाटलं, एका घोटात सगळ्यांना कळंल, हसतील, तो कबूल करंल, विषय संपंल. पण मी नऊ गुण दिले आणि खानदानी म्हणलं. मग त्याची जीभच उचलंना.

बसस्टॉपवर बराच वेळ विचार केला. ह्यातून एकच गोष्ट सिद्ध होती : अन्सारला बियर बनवता येती. धंदा काढला पाहिजे. त्याला सांगितलं तर तो हसला नाय. हात धरून म्हणाला, डॉक्टरला दाखव. मी म्हणलं, तूच दाखव, फ्रीजरमध्ये बाटल्या फोडतोस ते.

नंतर वाईट वाटलं. फोन केला नाय.

व्हिडिओ मॅडमना पाठवायचा बेत रद्द. उजेड बरोबर नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या परीक्षा. तयारी पूर्ण आहे. जरा सर्दी आहे. म्हणजे वाटती. नाक वाहत नाय, पण आतून आहे. हे मॅडमना आधीच सांगून ठेवायचं.

रूपाला विचारलं, चहात काय टाकलं. म्हणाली रोजचंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन कप ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा दाखवायचा. असं पाच वेळा. रामप्रसादनं पाची दाखवले. मी एक. तो पण माझा हात टेबलावर घसरला तेव्हा.

कारणं : (१) कागदी कप. (२) एसी. (३) सर्दी.

मोनिका मॅडम चांगली बाई. सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला म्हणाल्या, डोळे मिटा, नाकाजवळ कापूस धरते, वास आला की हात वर करा. मी मिटले. बराच वेळ बसलो. शेवटी म्हणलं, मॅडम, धरा की. त्या म्हणाल्या, धरून झाला, मुंजाबा. व्हिनेगर होतं.

अठरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा खुर्ची सरकवून दिली. म्हणाल्या, नाकाच्या डॉक्टरकडं जा. निकाल विचारलाच नाय मी. रामप्रसाद दारात उभा होता. खाली बघत माझा डबा उचलून दिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. रूपा सोबत आली. अन्सार दुकान बंद करून आला. मी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणलं, आठेक दिवस, सर्दी आहे. मागून रूपा म्हणाली, एकवीस सालापासून. कोरोनातून उठले तेव्हापासून.

मी म्हणलं, काही पण काय बोलती.

मग तिनं डॉक्टरांना सांगितलं. दवाखान्यातून मी घरी आलो त्या आठवड्यात, मिठाच्या जागी चुकून तिनं पिठल्यात साखर टाकली. मी दोन वेळा घेऊन खाल्लं. त्या दिवशी तिला कळलं. डॉक्टरांनी विचारलं, मग साडेचार वर्षं बोललात का नाय? ती म्हणाली, तेव्हा वॉर्डातल्या आजूबाजूच्या तिन्ही खाटा रिकाम्या झाल्या होत्या. माणूस जिता घरी आला, लई झालं. चवीचं मी बघीन म्हणलं.

साडेचार वर्षं मी ह्या बाईच्या मिठाला नावं ठेवली.

डॉक्टर म्हणाले, इतके दिवस झाले, आता आशा कमीच. लवंग, लिंबू रोज हुंगून बघा. फायदा होईलच असं नाय. अन्सारनं माझी फाइल दोन्ही हातांत धरली होती. एक तारखेला चौदा दिवस राहिले.

संध्याकाळी रूपानं चहा आणला. मी धरून बसलो. मग विचारलं, कसा झालाय? तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, आज आलं जरा जास्तच पडलं.

मी पण घोट घेतला. म्हणलं, व्हय. जरा जास्तच.