टाकाऊ पाइपातला पालक

१२ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मी सुखरूप आहे, पण डोकं ताळ्यावर नाही. तुझ्याकडे महिनाभर राहून परतले, तर मागचं परसच गायब! माझी वांगी, मिरच्या सगळं उपटून तुझ्या दादाने गाड्या लावायला फरशी घातलीये. जाब विचारला तर म्हणाला, आई, आता वय झालं तुझं, किती राबशील? वय झालंय, हातपाय मोडलेले नाहीत माझे! एवढा मोठा कंत्राटदार, इमारतींवर इमारती बांधतो, आणि आईची वीतभर माती त्याच्या डोळ्यांत खुपते.

पण मीही त्याचीच आई. त्याच्या कामावरचे पाइपांचे उरलेले तुकडे आणि फुटकी पाण्याची टाकी गच्चीवर चढवून घेतलीये. पाइप उभे चिरायचे, माती भरायची, पालक पेरायचा. गल्लीभर वाटेन, पण त्याच्या ताटात पान पडू देणार नाही. नाही त्याला रडवलं तर बघ!

जावईबापूंना आशीर्वाद. आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

३० जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि घाबरलेही. या वयात गच्चीवर टाकी चढवून घेणारी तू एकटीच! पण आई, दादा मनाने वाईट नाही गं. परसात तू दोनदा घसरलीस, त्याचीच त्याला काळजी. झालं गेलं सोडून दे ना. पोटच्या पोरावर किती दिवस डूख धरायचा?

माझ्या वाटणीचा पालक मात्र ठेव हं. तब्येतीला जप, आणि तुझ्या ठकूवर आहे तसाच जीव असू दे.

तुझी ठकू

९ ऑगस्ट

चि. ठकूस,
आशीर्वाद, रीतीपुरते.

पालक असा फोफावलाय की विचारू नकोस. गल्लीतला जो तो तुझ्या दादाला विचारतो, काय कंत्राटदार, आईच्या हातचा पालक कसा लागतो? पठ्ठ्या मान खाली घालून गाडीत बसतो. काय गार वाटतं म्हणून सांगू!

पंधरवड्यापूर्वी अखेर वर आला, माफी मागायला. मी म्हटलं, नुसती तोंडाची माफी नको, आणखी पाइप बसवून दे. बसवले, तर सगळे उतार देऊन! पाणी वाहून घालवायची सवय, दुसरं काय. खालच्या टोकाला डबकं, वरची रोपं तहानलेली. पुन्हा काढून सपाट बसवायला लावले. तेव्हा वैतागून म्हणाला, शिक्षा मला एकट्यालाच का? आईला मी महिनाभर इकडे ठेवून घेते, तेवढ्यात तू परस बुजव, असं ठकूनेच सुचवलं होतं.

रोज माझे पाय चेपायचीस. मी निघते म्हटलं की अजून चार दिवस राहा म्हणून गळ्यात पडायचीस. आणि इकडे माझी वांगी उपटली जात होती! दादाने निदान समोरून वार केला. तू केसाने गळा कापलास गं.

तो आता रोज सकाळी मातीच्या बादल्या वर आणतो. राबेल, माझ्या शिव्या खाईल, आणि एक दिवस त्याच्या ताटात मी स्वतः पालक वाढीन. हे वाचून तूही धावत येशील, माती कालवते म्हणशील. येऊ नकोस. तुला मी कामही देणार नाही.

आई